दुधाची चव

मध्यंतरात कॉफीच्या रांगेत पुढे दोघी बहिणी कुजबुजत होत्या. त्यांच्या मागे एक शिंपीणबाई पोस्टर बघत उभी होती, कान मात्र तिकडेच होते.

“ताई, कसला गं सिनेमा दाखवायला आणलंस पोराला?”

“मला काय ठाऊक? पोस्टरवर व्हायोलिन दिसलं, म्हटलं आपल्या वादकाला आवडेल.”

“त्या हिरोला भास होतात काय, तो व्हायोलिन आपटतो काय! आणि त्याची ती आई, चोरून दुधात गोळी कुटून घालते!”

“हळू बोल. अंधारात मला पोराकडे बघायची छाती झाली नाही.”

“म्हणजे तू अजून याच्या दुधात ती भासांवरची गोळी घालतेस?”

“मग काय करू? हातात दिली की थुंकतो. म्हणतो, बोटं जड होतात. पण आता गुण आलाय गं. महिनाभर काय वाजवतोय! झोप नको, जेवण नको, नुसतं व्हायोलिन.”

“आणि त्याला कळलं तर?”

“गप्प, आला बघ.”

“आई, मावशी, सरा. कॉफी मी घेतो. झकास आहे सिनेमा!”

“आवडला?”

“फार. एकच चुकलंय.”

“काय रे?”

“त्याला दुधाची चव कळत नाही असं दाखवलंय. कडू लागतं, आई. मला पहिल्या दिवसापासून लागायचं.”

“अरे... मग प्यायचास कसा?”

“तुझ्यासाठी प्यायचो. महिना झाला, बेसिनमध्ये ओततो. म्हणून तर बोटं सुटलीत.”

रांग पुढे सरकली. दोघी बहिणी जागच्या हलल्या नाहीत, आणि शिंपीणबाईलाही त्यांना ‘चला’ म्हणवेना.

“आई, तुझ्या कॉफीत साखर किती घालू?”