शिवप्पाचा करदोडा

आमच्या निलंग्याच्या शिवप्पाचं पोट कुठं गेलं, ते ऐका. डॉक्टरनं आम्हा दोघांना सांगितलेलं, "रोज सायकल चालवा, पण बोलता येईल इतक्याच वेगानं." मी शर्यतीसारखी पळवली अन् धापा टाकत आठवड्यात सोडून दिली. शिवप्पा किराणा दुकानदार, तोंड कधी बंद न्हाई. वाटेत भेटेल त्याच्याशी सोयाबीनचा भाव बोलत निवांत पायडल मारायचा. मी हसायचो.

परवा त्यानं सदरा वर केला. पोटाच्या घडीत हरवलेला कमरेचा करदोडा चक्क लोंबत होता! मी हात लावून बघितला. खराच सैल.

शेजारी उभ्या त्याच्या बायकोला मी विचारलं, "वैनी, ही कमाल झाली कशी?"

"तोंड तेच हाय, भावजी. फक्त दुकानाच्या गादीवरून सायकलवर नेलं."