एक दाता डावीकडे

बाबा: डॅशबोर्डवरचा तेवढा पिवळा दिवा घालव, बाकी चौकशा नकोत. पाच वाजता गिऱ्हाईक गाडी बघायला येतंय.

लेक: अहो पण विकायची कशाला? आईचा गुडघा बदलून तीनच महिने झालेत. तिला व्यायामाला कोण नेणार?

बाबा: टॅक्सी आहेत की.

लेक: जन्मभर टॅक्सीवाल्यांना नावं ठेवलीत, आणि आता टॅक्सी! माझ्या गॅरेजमध्ये आलात ना, मग माझं ऐका. बसा आत. मी स्कॅनर लावते, तुम्ही चाकं सरळ करा.

बाबा: करतो. हात थरथरतात, जरा वेळ लागेल.

लेक: हात? कधीपासून?

बाबा: गेल्या महिन्यात. सरळ रस्ता, समोर चिटपाखरू नाही, आणि गाडीने एकदम डावीकडे ओढ घेतली. फुटपाथला घासली. तुझी आई शेजारी. ओरडली असती तर बरं झालं असतं गं, नुसती दार घट्ट धरून बसली. माझ्या वडिलांचे हात याच वयात गेले. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या नीट केल्या, आता आपल्याच माणसाचे पाय मोडू?

लेक: आईला सांगितलंत हे?

बाबा: छे! म्हटलं, गाडी चालवायचा कंटाळा आला.

लेक: तरीच! काल ती मला म्हणते, "तुझ्या बाबांना आता माझाच कंटाळा आलाय." रडत होती.

बाबा: असं म्हणाली?

लेक: थांबा, थांबा. चाकं सरळ आहेत ना?

बाबा: अगदी सुतात.

लेक: मग सेन्सर का म्हणतोय, स्टीअरिंग दहा अंश डावीकडे वळलंय? अहो, गाडीला वाटतंय तुम्ही वळताय. ती वळत नाहीये, म्हणून बिचारी स्वतःच एका चाकाला ब्रेक लावून तुम्हाला वळवते. तुमचे हात नाहीत हो बाबा! ही गाडी आहे!

बाबा: म्हणजे सेन्सर बाद झालाय?

लेक: बाद असता तर आकडा उड्या मारत बसला असता. हा दहावर ठाम. म्हणजे स्टीअरिंग ज्या दांड्याच्या दात्यांवर बसतं, त्यातला बरोबर एक दाता सरकलाय. बाबा, स्टीअरिंग कोणी काढलं होतं?

बाबा: कोणी म्हणजे काय...

लेक: बाबा!

बाबा: ऑपरेशनपासून तुझी आई गाडीत जीव मुठीत धरून बसते. रोज एकच, "अहो, तुमचं स्टीअरिंग तिरकं आहे."

लेक: शेजारून तिरकंच दिसणार!

बाबा: मला कळत नाही? पण म्हटलं, तिला सरळ दिसू दे, मी तिरकं चालवीन. काढलं, आणि एक दाता सरकवून बसवलं.

लेक: आणि स्टीअरिंगमधली एअरबॅग तोंडावर फुटली असती तर?

बाबा: बॅटरी काढून अर्धा तास थांबलो होतो. इतका काही वेडा नाही मी. आमच्या वेळच्या गाड्यांना एक दाता इकडे तिकडे कळायचासुद्धा नाही.

लेक: हिला कळतो. मला का नाही विचारलंत?

बाबा: पाना कसा धरायचा ते मी शिकवलं तुला. तुझी बोलणी खाऊ?

लेक: खाल्लीत ना शेवटी? हात पुढे करा. दोन्ही. कुठे थरथरतायत?

बाबा: हातांचं राहू दे. डोळ्यांत पाणी आलंय, ते बघू नकोस.

लेक: नाही बघत. स्टीअरिंग जागेवर बसवते, सेन्सरला नव्याने शून्य शिकवते, मग एक चक्कर मारू. गाडी तुम्ही चालवायची. आणि त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवा.

(चक्कर मारून दोघं परत आले आहेत. फोन स्पीकरवर.)

बाबा: अगं, तयार राहा. चार वाजता व्यायामाला नेतो.

आई: तुम्हाला तर कंटाळा आला होता.

बाबा: कंटाळा कसला! भ्यालो होतो. वाटलं हात गेले माझे, तुला कुठेतरी धडकवीन.

आई: अहो, मग बोलायचं नाही का? मी काय काय मनात घेऊन बसले होते!

बाबा: चुकलंच माझं. हात धड आहेत. लेकीने शोधून काढलं, दोष स्टीअरिंगचा होता.

आई: बघा! मी कधीची सांगतेय. तिरकं होतं ना?

लेक: आई, अगं ते यांनीच—

बाबा: तू गप. होतं गं, तिरकंच होतं. तुझंच बरोबर होतं.