स्पोर्ट्स कारचा नारळ

माझ्या त्या जुन्या स्पोर्ट्स कारचं विचारताय? अहो, तिची बॉडी सगळी फायबरची. तिचे पार्ट राहुरीत कुठले मिळायला! शेवटी देवळांसाठी फायबरच्या मूर्ती करणाऱ्या कारागिराकडून पुढचं अख्खं नाक नवं घडवून घेतलं.

पूजेला मामांना बोलावलं. गावातल्या प्रत्येक ट्रॅक्टरचा नारळ त्यांनीच फोडलेला, तोही थेट लोखंडी बंपरवर आपटून. त्यांनी हात उगारला तसा मी ओरडलो, "मामा, खाली दगडावर फोडा!"

"मला शिकवतो व्हय रं?" म्हणत त्यांनी हाणलाच.

गाडीच्या नाकाला हे एवढं भगदाड पडलं आणि नारळ आत गडप. मामांनी भोकात हात घालून तो बाहेर काढला, कानाशी धरून हलवला.

"नारळ चांगला हाय," ते म्हणाले, "तुजी गाडीच नासकी निघाली!"