माळ्यावरचा माल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाखेचे व्यवस्थापक माननीय सिद्धोधन कांबळे साहेब, प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेले ज्येष्ठ नागरिक संघाचे योगीराज गुरुजी, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या सत्कारमूर्ती सविताताई गव्हाणे, त्यांचे यजमान बन्सीधरराव, बँकेचा सर्व कर्मचारी वर्ग, आणि समोर बसलेल्या पालमकर बंधू-भगिनींनो, तुम्हा सर्वांना सांबप्पा हालगेचा शरणार्थ.

निवेदकांनी माझी ओळख 'शाखेचे जुने खातेदार' अशी करून दिली. ते खरं आहे. पण पालममधली निम्मी माणसं मला ओळखतात ती हालगे वस्त्र भांडारमुळे. बसस्टँडच्या रस्त्याला माझं कापडाचं दुकान होतं. चौतीस वर्षं मी त्या गादीवर बसलो. इथल्या कितीतरी जणांच्या लग्नाचा बस्ता माझ्याच हातून बांधला गेला. त्यातले काही संसार नीट चालले नाहीत, पण कापडाची तक्रार कुणी आणली नाही. कापड मोजून देणारा माणूस आहे, तेव्हा भाषणही मापातच करीन. साहेबांनी दहा मिनिटं दिली आहेत. दोन-चार बोटं जास्त गेली तर सांभाळून घ्या.

ताईंबद्दल आधी बोललेल्या सगळ्यांनी त्यांच्या कामसूपणाचं कौतुक केलं. पिंगळीहून सकाळची रेल्वे, गंगाखेडला उतरून एसटी, आणि साडेदहाच्या आत खिडकीवर हजर. अकरा वर्षं हा नेम चुकला नाही. मला मात्र त्यांच्या वेळेवर येण्याबद्दल बोलायचं नाही. त्यांनी मला एकदा परत पाठवलं होतं, त्याबद्दल बोलायचं आहे.

झालं असं की २०१९ च्या दिवाळीनंतर मी दुकान विकलं. कारण कुणापासून लपलेलं नाही. आमच्या सौभाग्यवतींचे, म्हणजे मल्लम्माचे, गुडघे गेले होते. दुकानात माल काढायचा, दाखवायचा आणि गिऱ्हाईक गेल्यावर घडी घालून ठेवायचा, हे तिचं काम. माळ्याच्या शिडीवरून तिने तीस वर्षं शालू उतरवले. तेच गुडघे शेवटी असे झाले की घरातल्या उंबऱ्यालाही ती हात धरून थांबायची. डॉक्टर म्हणाले, आज ना उद्या दोन्ही गुडघे बदलावे लागतील. मुलगी शिवरंजनी लग्न होऊन लातूरला. दुकान पुढे चालवायला कुणी नाही. मग विकलं.

आता बघा, आपले गुरुजी निवृत्त झाले तर दर महिन्याला त्यांची पेन्शन येते. दुकानदाराला कोण पेन्शन देणार? दुकानाचे आले तेवढेच पैसे. त्यातच दोघांनी जेवायचं, त्यातच गुडघे करायचे, आणि कुणी किती जगायचं हे काही आपल्या हातात नाही. रक्कम किती होती हे मी सांगत नाही, कारण आमचे जावई दुसऱ्या रांगेत बसले आहेत. पण खात्यात एवढे पैसे मी जन्मात पहिल्यांदा बघितले, आणि खरं सांगतो, माझी झोप उडाली. दुकानात एवढा माल असता तर मला लय आनंद झाला असता. पैसे नुसते पडून आहेत म्हटल्यावर मी बेजार झालो. कापडवाल्याला पडून राहिलेली वस्तू सहन होत नाही. पडलेला माल हळूहळू मरतो, हे आमच्या हाडात मुरलेलं असतं.

त्यातच परभणीचा एक गुळगुळीत बोलणारा तरुण घरी आला. त्याच्या मोबाईलवर एक रेघ होती, ती खालून वर गेलेली. आप्पा, म्हणाला, सगळेच्या सगळे शेअरच्या फंडात टाका आणि पाच वर्षं विसरून जा. मला रेघ आवडली. दुसऱ्या दिवशी मी ताईंच्या खिडकीशी गेलो आणि सगळी रक्कम फंडात टाकायची म्हणालो.

ताईंनी नको म्हटलं नाही. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं आणि माझ्याच दुकानाबद्दल विचारायला लागल्या. गादीजवळ काय ठेवत होता? मी म्हटलं, ब्लाऊजपीस, टॉवेल, परकर, रोज खपणारं. मागे रॅकमध्ये? शाळेच्या गणवेशाचं कापड, दिवाळीचं शर्टिंग, सहा महिने-वर्षात निघणारं. आणि माळ्यावर? माळ्यावर बस्त्याचा माल. शालू, भारी साड्या, फेटे. तो लग्नसराईतच उतरतो.

मग त्यांनी विचारलं, "आप्पा, सगळं दुकान माळ्यावर चढवलं असतं, तर टॉवेल मागायला आलेल्या माणसाला काय दिलं असतं?"

चौतीस वर्षं दुकान चालवलेल्या माणसाला एका बाईने त्याचंच दुकान समजावून सांगितलं. तिथेच बसून आम्ही वाटणी केली. वर्ष-दीड वर्षाचा घरखर्च गादीजवळ, म्हणजे बचत खात्यात आणि छोट्या मुदतीच्या ठेवीत. निम्म्याहून जास्त रक्कम रॅकमध्ये. माझ्या नावाने ज्येष्ठ नागरिकांची बचत योजना, मल्लम्माच्या नावाने पोस्टाची मासिक व्याजाची योजना, आणि उरलेल्या ठेवी दरवर्षी एक सुटेल अशा वेगवेगळ्या मुदतीच्या. साहेब, पोस्टाचं नाव घेतलं म्हणून ताईंवर रागावू नका. गिऱ्हाईकाला समोरच्या दुकानात पाठवायला मोठं मन लागतं, ते मला कधी जमलं नव्हतं. आणि राहिलेला चौथा हिस्सा, फक्त चौथा हिस्सा, फंडात. तो माळा. गुडघ्यांचे पैसेही त्यातच धरले. पाच-सात वर्षं तिकडे घाईने शिडी लावायची नाही, असं ठरलं.

इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं झालं. शहाणपण चार महिने टिकलं.

मार्च २०२० कुणी विसरलं असेल का? रोगाची भीती, रस्ते बंद, एसटी बंद. घरात बसून करायचं काय, म्हणून मी मोबाईलवर ती रेघ बघायला लागलो. ती आता वरून खाली येत होती. सकाळी बघायचो, जेवताना बघायचो. बघता बघता माळ्यावरच्या मालाचा तिसरा हिस्सा गेला. मल्लम्मा समोरच्या खोलीत भिंत धरून चालायची आणि मला वाटायचं, तिचे गुडघेच कुणीतरी घेऊन चाललंय. हे मी आज हसत सांगतोय. तेव्हा अन्न गोड लागत नव्हतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी तोंडाला उपरणं बांधून बँकेत आलो. दारात चुन्याने गोल आखलेले, त्यात उभा राहिलो. बन्सीधरराव रोज पिंगळीहून मोटारसायकलवर, ठिकठिकाणी पोलिसांना पास दाखवत, ताईंना आणून सोडायचे. त्यांनाही आज टाळ्या द्या, त्यांचं नाव कुणीच घेतलं नाही.

माझा नंबर आला. मी म्हटलं, मॅडम, माळा खाली करायचा. मिळेल त्या भावाने सगळं काढून टाका. माझी चूक काय होती, हे इथला कापडवाला ओळखेल. हंगाम गेला, भाव पडला, की आम्ही सेल लावतो. आज निम्म्यात गेलं तर उद्या पावमध्येही जाणार नाही, ही आमची सवय. मी आयुष्यभराच्या पुंजीवर सेल लावायला निघालो होतो.

ताईंनी एवढंच विचारलं, गादीजवळ किती महिन्यांचं आहे? मी म्हटलं, वर्षभराहून जास्त. रॅकला हात लागलाय का? नाही. मग ऑपरेशनची तारीख ठरली आहे का? दवाखाने बंद, तारीख कुठली? त्यांनी पैसे काढायचा अर्ज घेतला आणि स्वतःच्या सुंदर अक्षरात सगळा भरला. नाव, खाते क्रमांक, रक्कम. फक्त सहीची जागा मोकळी ठेवली.

"आप्पा, पैसे तुमचे आहेत, मी अडवणार नाही," त्या म्हणाल्या. "पण माळ्यावर आजवर मल्लम्माकाकू चढत होत्या. शिडी लावायच्या आधी त्यांना विचारून या. त्या हो म्हणाल्या तर उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा."

मला राग आला. एवढ्या उन्हात एवढ्यासाठी परत जायचं? पण गेलो. मल्लम्मा तांदूळ निवडत बसली होती. तिच्यापुढे अर्ज ठेवला, रेघ दाखवली, किती गेलं ते सांगितलं. तिने रेघेकडे बघितलंसुद्धा नाही.

ती म्हणाली, "नोटाबंदीच्या साली बस्त्याला आलेली माणसं हात हलवत गेली. तवा माळ्यावरचे शालू तुमी फुकट वाटले व्हते का?"

मी म्हटलं, नाही. पुढच्या सराईत विकले.

"मग आता कामून वाटायलाव? गुडघे माजे हायेत. मी थांबते. तुमी बी थांबा."

मंडळी, मी त्या जागी बसलो आणि रडलो. लहान लेकरासारखा रडलो. कुणासाठी विकायला निघालो होतो? जिच्यासाठी, तीच थांबायला तयार होती. दुसऱ्या दिवशी मी बँकेत आलो, अर्ज ताईंच्या हातात दिला आणि नंबर न लावता परत गेलो. मोबाईलमधून ती रेघ शिवरंजनीला फोनवर विचारत काढून टाकली.

पुढे भाव सुधारला, हे सगळ्यांना माहीत आहे. पण माझ्या सांगण्याचा अर्थ असा घेऊ नका की भाव नेहमी सुधारतोच. परत पडेल, आणि कधी पडेल हे ना मला कळतं ना त्या परभणीच्या पोराला. मला कळतं ते एवढंच, की पडला तेव्हा मला तो माल विकायची गरज नव्हती. टॉवेल गादीजवळ होते.

दर दिवाळीला दुकान झाडताना आम्ही माळ्यावरचा थोडा माल खाली रॅकमध्ये आणायचो. ताईंनी तीच रीत मला पैशाला लावून दिली. दिवाळीचा फराळाचा डबा घेऊन मी बँकेत यायचो, त्या हिशेब बघायच्या, आणि वर फार झालं असेल तर थोडं खाली उतरवायच्या. २०२१ च्या दिवाळीला त्या म्हणाल्या, आप्पा, गुडघ्यांचे पैसे आता खाली आणून ठेवा, ऑपरेशन पुढच्या वर्ष-दीड वर्षात होईल, तोवर ते वर नकोत. आणले. २०२३ च्या फेब्रुवारीत नांदेडला दोन्ही गुडघे झाले. कुणापुढे हात पसरला नाही. जावईबापूंनी देऊ केले होते, ते मी इथे जाहीर सांगतो, म्हणजे मघाच्या थट्टेची भरपाई होईल.

आता एक गोष्ट ताईंना न विचारता सांगतो. गेल्या रविवारी त्या आमच्या घरी आल्या होत्या. त्यांचेही निवृत्तीचे पैसे आता एकदम हातात येणार. एवढ्या माणसांना मार्ग दाखवणारी बाई, पण चेहरा उतरलेला. म्हणाल्या, आप्पा, दुसऱ्याला सांगताना सोपं होतं हो, स्वतःचं म्हटल्यावर काही सुचत नाही. मुलाला पुण्यात प्लॉट घ्यायचा आहे, तो सगळेच मागतो. मी त्यांना नवीन काय सांगणार? मी विचारलं, ताई, गादीजवळ किती महिन्यांचं आहे? त्या आधी हसल्या, मग डोळे पुसले. बऱ्याच वेळाने चहा घेतला. मुलाला माळ्यावरचं काय द्यायचं ते त्या देतील, पण गादी आणि रॅक कुणाला देणार नाहीत, असं कबूल करून गेल्या. बन्सीधरराव, लक्ष ठेवा.

जाताना त्यांनी पर्समधून एक कागद काढला. टेबलाचा खण रिकामा करताना सापडला म्हणाल्या. तो हा. त्यांच्या अक्षरातला अर्ज, पाच वर्षं जपलेला, सहीची जागा अजून मोकळी. मी तो आता घरी देवाजवळ ठेवणार आहे.

साहेब घड्याळ बघायला लागले, आवरतो. संयोजकांनी मला बोलायची संधी दिली, तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. दुकानदाराची जीभ आहे, कुठे जास्त फाडलं गेलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाच्या खाजगीतलं बोललो असेन, तर मोठ्या मनाने पदरात घ्या.

आणि एक शेवटचं काम. दुकान विकताना मी माळ्यावरचा एकच शालू मागे ठेवला होता. मोरपंखी. तो आज सविताताईंना द्यायचा आहे, पण माझ्या हातून नाही. मल्लम्मा पहिल्या रांगेत बसली आहे. मंचाला चार पायऱ्या आहेत, मी येतानाच मोजल्या.

मल्लम्मा, शालू घेऊन वर ये. आणि मंडळी, कृपा करून तिला कुणी हात देऊ नका.