नॉट प्लॉजिबल महालक्ष्म्या

माझं इंग्रजी फॅक्टरीत एकदाच कामी आलं, पण काय आलं. मी अर्जात लिहिलं होतं, ‘घरी दोन महालक्ष्म्या येऊन राहिल्या, तीन दिवस मुक्काम आहे, सुट्टी द्यावी.’ आमचे साहेब हिंदीवाले, नवेच आलेले. त्यांनी लाल पेनानं शेरा मारला, ‘नॉट प्लॉजिबल’.

घरी पोरीला अर्थ विचारला. ती म्हणाली, “बाबा, म्हणजे हे खरं असू शकेल असंही वाटत नाही.”

माझं डोकंच सटकलं. देवीला काहून खोटं पाडून राहिले हे? दुसऱ्या दिवशी, म्हणजे महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, ड्यूटी सुटल्यावर साहेबांना थेट कांचघर मोहल्ल्यात माझ्या घरी नेलं. मखरात दोघी नवी लुगडी नेसून उभ्या. साहेबांनी हात जोडले, सोळा भाज्यांची भाजी खाल्ली, पुरणपोळीवर दोनदा तूप मागून घेतलं.

हात धुताना म्हणाले, “अच्छा भैया, अब प्लॉजिबल लगता है.”

मी म्हटलं, “नहीं सर. प्लॉजिबल मतलब सच हो सकता है. आप तो इनके सामने बैठकर खा चुके. अब ट्रू लिखिए.”

तिसऱ्या दिवसाची सुट्टी मंजूर झाली. शेऱ्यात इंग्रजीत लिहिलं होतं, ‘खरं आहे. मी स्वतः जेवून आलो.’