डावी बाही

—मग? एक बाही चुरगळली, सदरा फाटला तर नाही ना? दाखवा. डावी. डावीच असणार, साहेब, या पंधरवड्यातली ही चौथी तक्रार, चारही डाव्या बाहीच्या. तीस वर्षं इस्त्री धरलीय आमच्या या माणसाने आणि आता कामचुकारपणा सुचलाय — उजवी बाजू बघा, कशी कडक, आणि डावीकडे हात फिरवायचा म्हणजे जिवावर येतं. ते बघा, पडद्याआड पेंगतायत, भर सकाळी. विचारलं तर म्हणे डोकं दुखतंय. माझं दुखत नाही? मी सांगत फिरते का? जेवतानाही तेच — ताटातलं डावीकडचं तसंच टाकून उठायचं, नखरे नुसते. डावी चप्पल रस्त्यात निसटून राहते, यांना पत्ता नाही, मी जायचं आणायला.

पडले होते का? तुम्हाला कोण बोललं? — बरं, पडले. स्टुलावरून, माळ्यावरचं गाठोडं काढताना, तीन आठवडे झाले त्याला. टेंगूळसुद्धा आलं नाही, उठून दोन चादरी इस्त्री केल्या. स्टूल मी धरलं होतं की. धरलंच होतं — बहिणीचा फोन आला म्हणून एक हात... दोन्ही. दोन्ही सोडले, झालं समाधान? लेकीला सांगायचं नाही असा दमही मीच दिला, उगाच माझ्यावर घसरली असती.

डोक्याच्या आत रक्त? तीन आठवड्यांनी? साहेब, तुम्ही कपडे न्यायला येता की डॉक्टरकी करायला? तुमच्या वडिलांचं झालं असेल, म्हणून काय सगळ्यांचं होतं? थेंब थेंब साठतं म्हणे. — रक्त पातळ करायची गोळी? घेतात की, हृदयासाठी, रोज मीच हातावर ठेवते. का? — असे बघू नका माझ्याकडे.

थांबा, पडदा सारून दाखवतेच तुम्हाला. अहो, ऐकलंत का, हात वर करा बघू. साहेबांना शंका आलीय तुमची. — दोन्ही, अहो. दोन्ही म्हणाले मी. उजवा दिसला, आता दुसरा. मस्करी पुरे. — वर केलाय काय म्हणता? तो मांडीवर पडलाय तुमच्या.

साहेब, सदरा ठेवा तिथेच. गाडी कुठे लावलीय तुम्ही?