एक पॉवर सप्लाय आणि घरभर इंजिनिअर

...नाही, पण मी म्हणते, डबाच तर आणायचा होता ना! काळा, चौकोनी, एका बाजूला पंखा, मागे वायर खुपसायला जागा. कॉम्प्युटरच्या पोटात बसतो आणि भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाटतो, एवढंच त्याचं काम. दुकानात जायचं, डबा घ्यायचा, घरी यायचं. त्यात काय एवढं? तुम्हाला सांगते, माझं लग्न ठरवताना या घराने इतका विचार केला नव्हता. माझं पंधरा मिनिटांत उरकलं. डब्याला तीन दिवस लागले!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई डब्यावरून का भांडतेय.

बारकी म्हणजे माझी नणंद. वय वर्षे एकेचाळीस. केस पिकायला लागले, चष्मा दोनदा बदलून झाला, पण नाव बारकी, कारण आमच्या ह्यांच्यापेक्षा ती चार वर्षांनी लहान, आणि या घरात एकदा लहान ठरलात की मरेपर्यंत सुटका नाही. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून आली, ती एक सुटकेस आणि एक कॉम्प्युटर घेऊन. नातेवाइकांनी विचारलं, "अगं, दागिने कुठायत?" तर हिने कॉम्प्युटरवर हात ठेवला आणि म्हणाली, "हे काय, आणलेत की."

आता ही करते काय, तर न बांधलेल्या इमारतींच्या फिल्मा. म्हणजे इमारत अजून कागदावर असते हो, पण बारकीच्या पडद्यावर तुम्ही दारातून आत शिरता, जिना चढता, खिडकीतून ऊन आलेलं असतं, फरशीवर त्याचा चौकोन पडलेला असतो... मी तर एकदा पाय उचलून घेतला होता, फरशी ओली वाटली म्हणून! आणि या कामाला आमच्या घरात काय म्हणतात? "बारकी काय करते?" "काही नाही, खेळत असते कॉम्प्युटरवर." झालं! बारा वर्षांचा अनुभव एका वाक्यात गुंडाळून कोपऱ्यात.

तर अशा या बारकीला स्वतःच्या नावावरचं पहिलं मोठं काम मिळालं. एका हॉस्पिटलची फिल्म. सोमवारी सकाळी दहा वाजता समितीसमोर दाखवायची. जमलं तर पुढची कामं, नाही जमलं तर सासरे तयारच होते, "आता एखादी नोकरी बघ, पगाराची, खरी." त्यासाठी तिने नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. कार्ड म्हणे! मला वाटलं, पत्त्यासारखं काहीतरी असेल. खोकं उघडलं तर आत वीट! तीन पंख्यांची, हातभर लांब वीट! ती बसवली, फिल्म शिजत लावली... त्याला रेंडर म्हणतात, एकेक चित्र कॉम्प्युटर शिजवत बसतो... आणि दहा मिनिटांत टक्! सगळा काळोख. पुन्हा चालू केला. पुन्हा टक्!

बारकी शांतपणे म्हणाली, "वहिनी, पॉवर सप्लाय कमी पडतोय. साडेसहाशे वॉटचा आहे, सात वर्षं जुना. नवं कार्ड एकटंच साडेचारशे खातं, आणि मधेच क्षणभर त्याच्याही दुप्पट ओढतं. तो हिसका बसला की हा जीव सोडतो. चांगल्यातला हजारचा आणायला हवा, ह्या कार्डाची वायर थेट मिळेल असा."

संपलं! कळलं ना तुम्हाला? मलासुद्धा कळलं! पण बारकीची चूक एकच झाली. हे ती जेवणाच्या टेबलावर बोलली. सगळ्यांसमोर.

आमचे हे घास तसाच ठेवून म्हणाले, "हजार? कशाला हजार? मी इंजिनिअर आहे, मला सांग ना. बेरीज करायची, त्यात काय एवढं!"

आता हे इंजिनिअर आहेत, खोटं नाही. पुलांचे. नदीवरच्या पुलांचे! पण इंजिनिअर म्हटलं की माणसाला पंख्यापासून पचनापर्यंत सगळं कळतं. यांनी बिलाच्या पाठीवर मांडलं, "साडेचारशे कार्ड, अधिक दोनशे बाकीचं... साडेसहाशे! आहे की तुझ्याकडे साडेसहाशेचा! बरोब्बर बसतंय!"

बारकी म्हणाली, "दादा, तू पूल बरोब्बर बसेल एवढाच बांधतोस का?"

"पुलाची गोष्ट वेगळी असते."

"का?"

"कारण... पुलावरून माणसं जातात!"

मग सासऱ्यांनी घसा खाकरला. सासरे चौतीस वर्षं गोदामात काट्यावर होते, येणाऱ्या-जाणाऱ्या मालाचं वजन त्यांच्या हाताखालून जायचं. त्यांच्या मते जगातल्या कुठल्याही वस्तूची पारख एकाच गोष्टीने होते. "वजन बघा. हलकं असेल तर माल खोटा. वॉटबिट राहू द्या. त्यात काय एवढं!"

एवढ्यात समोरच्या घरातले वायरमन काका डोकावले. यांना कुणी बोलावलं? कुणी नाही! वीज हा शब्द उच्चारला की ते आपोआप येतात. "हजार वॉट? अहो, म्हणजे घरात चोवीस तास शेगडी पेटवल्यासारखं! बिल आलं की डोळे पांढरे होतील, सांगून ठेवतो!"

बारकी म्हणाली, "काका, तो लागेल तेवढीच वीज ओढतो. टाकी मोठी बसवली म्हणून आपण जास्त पाणी पितो का?"

काका विचारात पडले. मग म्हणाले, "काही लोक पितात."

बोला! 

दोन दिवस हीच चर्चा. यांचं म्हणणं साडेसहाशेवरून साडेसातशेवर आलं, काकांचं पाचशे, सासऱ्यांचं दोन किलो. आणि शनिवारी दुपारी आमची वरात निघाली दुकानात. डबा एक, माणसं पाच! दुकानदार तर असा की बारकीने विचारायचं आणि त्याने उत्तर ह्यांना द्यायचं. "हं साहेब, कुणासाठी? मुलाला गेमसाठी का?"

"बहिणीसाठी."

"अच्छा अच्छा, मग मॅडमना साधासुधा चालेल!" आणि लगेच स्वतःच, "नाहीतर हा बघा, सप्तरंगी दिवे लागतात, गाणं लावलं की गाण्याबरोबर नाचतात!" अहो, तो डबा बसणार पत्र्याच्या पेटीत, खालच्या कप्प्यात, झाकण लावून! दिवे बघणार कोण? झुरळं?

मग त्याने काउंटरवर मांडामांड केली. हा ब्राँझचा, हा सोन्याचा, हा प्लॅटिनमचा. सासरे एकदम ताठ झाले. "सोन्याचा? आत किती ग्रॅम आहे?" दुकानदार हसायला लागला, तो हसला म्हणून हे हसले, हे हसले म्हणून काका हसले, आणि तुम्हाला सांगते, तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं सोन्याचा म्हणजे काय! बारकीने सांगितलं, "बाबा, वीज किती कमी वाया जाते त्याचा तो शिक्का असतो. आत लोखंडच." सासरे हळूच म्हणाले, "मग सोन्याचा म्हणतात कशाला? आमच्या काट्यावर असलं चाललं नसतं." खरं सांगते, दिवसभरातलं तेवढं एकच शहाणं वाक्य!

बारकी कुणाशी वाद घालत नव्हती. एकेक खोकं पालथं करायची, मागचा बारीक अक्षरातला तक्ता चष्मा वर करून वाचायची, ठेवून द्यायची. शेवटी एक उचललं. "हा." हजार वॉटचा. दुकानदाराने तोंड वाकडं केलं, कारण त्यात दिवे नव्हते. सासऱ्यांनी तो एका हातात घेतला, दुसऱ्या हातात दिवेवाला, डोळे मिटले. आणि म्हणाले, "हा जड आहे. बघा, मी म्हटलं नव्हतं?" काका म्हणाले, "वायर जाड आहे, मला तेच बघायचं होतं." आणि हे म्हणाले... ऐका हं... "चला, माझ्या हिशेबात थोडी सूट धरली की हजारच येतात."

म्हणजे डबा निवडला कुणी? सगळ्यांनी! बारकी सोडून!

इथे संपलं असतं तर मी तुमच्यापुढे उभी राहून घसा कोरडा केला नसता. घरी आलो, तिने जुना डबा सोडवायला कॉम्प्युटर उघडला, आणि तेवढ्यात फोन वाजला. हॉस्पिटलच्या आर्किटेक्ट बाई. बारकी बोलायला बाहेर गॅलरीत गेली. हे म्हणाले, "तोवर मी बसवून ठेवतो. चार स्क्रू. त्यात काय एवढं!"

चार स्क्रू काढले. जुना डबा निघाला. पण त्याच्या वायरी कॉम्प्युटरभर छान बांधलेल्या होत्या, बारकीनेच, वेणी घातल्यासारख्या. हे म्हणाले, "ह्या कशाला सोडायच्या? डबा नवा, वायरी जुन्या. बघ, टोकं बसताहेत की!" आणि खरंच बसली हो, टप्पकन! टॉर्च कुणी धरला होता? मी! नवऱ्याच्या शहाणपणावर उजेड पाडायचं काम माझ्याचकडे असतं. ह्यांनी भिंतीत पिन खुपसली, मागचं बटण चाचपलं...

"दादा, हात काढ!"

तुम्हाला सांगते, बावीस वर्षांत मी बारकीचा तो आवाज ऐकला नव्हता. दारात उभी होती, फोन हातात तसाच, पलीकडून बाई "हॅलो, हॅलो" करतायत. ह्यांनी हात काढला. तिने आधी भिंतीतली पिन उपटली, मग खाली बसली.

"दादा, टोकं सारखी दिसतात, पण आतली जुळणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. ह्या डब्याबरोबर त्याच्याच वायरी लावायच्या. तू बटण दाबलं असतंस तर पाचच्या जागी बारा व्होल्ट गेले असते आणि डिस्क जळाल्या असत्या. हॉस्पिटल त्यातच आहे. सगळंच त्यात आहे."

हे म्हणाले, "अगं, पण दिसायला तर..."

"दोन वर्षांपूर्वी त्या घरातून मी दोनच वस्तू उचलल्या होत्या, दादा. एकीत कपडे होते."

सासरे भिंतीकडे बघत होते. वायरमन काका, जे कुणी न बोलावता येतात, ते कुणी न सांगता गेले. आणि आमचे हे, पंचेचाळीस वर्षांचे, मोठ्या पुलांचे इंजिनिअर, फरशीवर मांडी घालून बसले आणि जुन्या वायरी एकेक सोडवून तिच्या हातात देत राहिले. "ही कसली?" "डिस्कची." "ही?" "प्रोसेसरची." पहिल्यांदा, मी सांगते, पहिल्यांदा माणूस प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत होता!

तिने नव्या वायरी लावल्या. कार्डाची जाड वायर शेवटपर्यंत दाबली, टिक् वाजेस्तोवर, वाकलेली नाही ना ते बघितलं, आणि मग बटण. पंखे फिरले. रेंडर लावलं. आम्ही चौघं समोर बसलो, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसतात तसे. दहा मिनिटं झाली. वीस. टक् नाही! रविवारी संध्याकाळी फिल्म तयार. सासऱ्यांनी चष्मा पुसून बघितली. दरवाजा, जिना, लांब कॉरिडॉर, बाकावर खिडकीतून आलेलं ऊन.

"कधी बांधलं गं हे?"

"बाबा, अजून बांधलंच नाही."

"मग ऊन कुठून आलं?"

बारकी हसली. सोमवारी समिती खूश झाली, आर्किटेक्ट बाईंनी आणखी दोन कामं दिली, आणि नोकरीचा विषय सासऱ्यांनी पुन्हा काढला नाही.

झालं ना सगळं छान? ऐका पुढे! बातमी बिल्डिंगभर पसरली, आणि आता रविवार आला की लोक सल्ला विचारायला येतात. कुणाला? ह्यांना! "साहेब, कार्ड घेतलंय, डबा कितीचा घेऊ?" आणि हे खुर्चीत मागे टेकून, "साडेसहाशे? छे छे! क्षणभराचा हिसका धरलात का? आणि जुन्या वायरी? खबरदार, हात लावाल तर!" माझ्या अंगाचा तिळपापड! तरातरा बारकीच्या खोलीत गेले, म्हटलं, "अगं, तुझी अक्कल हे स्वतःच्या नावावर खपवताहेत, आणि तू गप्प?"

तिने मानसुद्धा वळवली नाही. म्हणाली, "बोलू दे ना, वहिनी. तो बाहेर बोलत असला की इकडे मदतीला कुणी येत नाही."

मी मुकाट्याने दार ओढून घेतलं, बाहेर आले, पाहुण्यांच्या बाजूला बसले, आणि ह्यांना म्हटलं, "अहो, पण वॉट म्हणजे नक्की काय हो?"

उत्तर पावणेदोन तास पुरलं.